राणीछाप मेचिन तिकिटं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अल्बममध्ये ग्रेट ब्रिटनचं एक पान असतंच आणि त्या पानावर राणी एलिझाबेथचा डावीकडे बघणारा चेहरा असलेली बारकी रंगीत तिकिटं असतातच. बहुतेक जण त्यातली चार-पाच ठेवतात आणि बाकीची शाळेतल्या पोरांना वाटून टाकतात. मला विचाराल तर आधुनिक काळातली सगळ्यात श्रीमंत मालिका हीच आहे, आणि जगभरात तिच्यामागे आयुष्य घालवलेले कलेक्टर आहेत. नवीन लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र देतोय, सवडीने वाचा.

मेचिन म्हणजे नक्की कुठली तिकिटं?

ब्रिटनची ५ जून १९६७ पासूनची रोजच्या वापराची तिकिटं, म्हणजे ज्यांना आपण डेफिनिटिव्ह म्हणतो ती. एखाद्या घटनेसाठी किंवा माणसासाठी काढलेली नाहीत, काउंटरवर गेलात की हीच मिळायची. साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर राणीचा चेहरा, एका कोपऱ्यात किंमत, बस. पहिल्या दिवशी तीनच आली, ४ पेनी, १ शिलिंग आणि १ शिलिंग ९ पेनी. तिथून पुढे राणी गेली तरी विक्री लगेच थांबली नाही, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ एकच चित्र चाललं आणि २०० अब्जांहून जास्त प्रती छापल्या गेल्या असं मानतात. एवढ्या वेळा छापलेली दुसरी कलाकृती शोधून दाखवणं कठीण आहे.

चित्र कुणी काढलं?

ते चित्र नाहीच मुळी, ते शिल्प आहे आणि हे कळल्यावर तिकिटाकडे बघायची नजर बदलते. आर्नल्ड मेचिन नावाचे शिल्पकार होते, जन्म १९११, गाव स्टोक-ऑन-ट्रेंट, म्हणजे इंग्लंडमधला चिनी मातीच्या भांड्यांचा भाग. चौदाव्या वर्षी ते मिंटनच्या कारखान्यात भांड्यांवर नक्षी रंगवायला उमेदवारीला लागले आणि तिथून शिल्पाकडे वळले. तिकिटासाठी त्यांनी प्लास्टरमध्ये उथळ उठावाचा चेहरा घडवला, त्यासाठी जॉन हेजकोने काढलेले राणीचे फोटो समोर ठेवले होते, मग त्या प्लास्टरचा फोटो काढून त्यावरून तिकीट छापलं. गालाखालची, मानेवरची सावली म्हणूनच इतकी खरी वाटते, ती कुणी ब्रशने काढलेली सावली नाहीये, खऱ्या उजेडात पडलेली सावली आहे. सुरुवातीच्या मसुद्यांत मान उघडी होती, मग खाली कपड्याची कड आली आणि तेच रूप शेवटपर्यंत राहिलं.

ब्रिटनच्या दशमान नाण्यांवर १९६८ पासून आलेला राणीचा चेहराही मेचिन यांचाच, पण ते शिल्प वेगळं. नाण्यावर राणी उजवीकडे बघते, तिकिटावर डावीकडे. घरात जुनी ब्रिटिश नाणी असतील तर शेजारी ठेवून बघा.

तिकिटावर देशाचं नाव कुठेच कसं नाही?

तिकीट ही गोष्टच ब्रिटनने सुरू केली, १८४० साली पेनी ब्लॅक आलं तेव्हा दुसऱ्या कुठल्या देशाची तिकिटं नव्हतीच, मग नाव कशाला टाकायचं. राजाचा किंवा राणीचा चेहरा हीच ओळख, आणि ती सवलत आजही फक्त त्यांनाच आहे. मेचिनच्या पहिल्या ४ पेनीच्या तिकिटाचा गडद तपकिरी-काळसर रंगही पेनी ब्लॅकची आठवण ठेवूनच निवडला होता. तिकीट हातात आलं तर बघाच, इतकं साधं आणि इतकं भारदस्त तिकीट माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

सगळी सारखीच तर दिसतात, त्यात गोळा करण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून याचं उत्तर लांबच देतो. चित्र एकच आहे म्हणूनच मजा आहे. चित्र बदलत नाही त्यामुळे लक्ष बाकी सगळ्यावर जातं, कागद कुठला, गोंद कुठला, रंगाची छटा कुठली, छपाई कुणाची, कडेचे दाते कसे, फॉस्फरच्या पट्ट्या (त्या काय ते पुढे सांगतो) किती आणि कुठे. चित्रांच्या तिकिटात आपण चित्र बघतो आणि पुढे जातो, इथे तिकीट स्वतः बघावं लागतं.

आता त्या पहिल्या ४ पेनीच्या तिकिटाचंच उदाहरण घ्या. १९६७ ला आलं तेव्हा मागे गम अरेबिक म्हणजे डिंकाचा चकचकीत थर होता आणि पुढे दोन फॉस्फरच्या पट्ट्या. मग गोंद बदलला, पीव्हीए नावाचा कृत्रिम गोंद आला, तो मॅट असतो, बघताना कळतही नाही की गोंद आहे. १६ सप्टेंबर १९६८ ला ब्रिटनने पत्रांचे दोन वर्ग केले, फर्स्ट क्लास ५ पेनी आणि सेकंड क्लास ४ पेनी, त्यामुळे ४ पेनीच्या तिकिटावर दोनच्या ऐवजी मधोमध एकच पट्टी आली. जानेवारी १९६९ मध्ये रंगच बदलला, तपकिरीचं तिकीट शेंदरी लाल झालं. शिवाय बुकलेटमधून, म्हणजे तिकिटांच्या छोट्या पुस्तिकेतून आलेल्या काही तिकिटांवर ती एक पट्टी मधे नसून एका कडेला आहे. म्हणजे बघा, किंमत तीच, चेहरा तोच, दोन वर्षांत इतके प्रकार, आणि हे एका किमतीचं झालं. पुढच्या पन्नास वर्षांत किती किमती, किती रंग आणि किती छापखाने झाले याचा हिशोब केलात तर समजेल की लोक यात का अडकतात.

छापखान्यांची नावंही हळूहळू ओळखीची होतात. सुरुवातीला हॅरिसन, नंतर एन्स्खेडे, क्वेस्टा, वॉडिंग्टन, वॉल्सॉल, डे ला रू. काहींनी फोटोग्राव्ह्युअरने म्हणजे खोलगट खळ्या पाडलेल्या सिलिंडरवरून छापली, काहींनी लिथोने म्हणजे सपाट प्लेटवरून. भिंगाखाली किमतीचा आकडा बघितला की लिथोच्या आकड्याची कड साफ असते आणि ग्राव्ह्युअरच्या कडेला बारीक करवतीसारखे दात दिसतात. दहापटीचं भिंग पुरतं, दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा.

फॉस्फरच्या पट्ट्या म्हणजे काय, आणि त्या बघायला मशीन लागतं का?

टपाल वेगळं करणाऱ्या यंत्राला पत्राची सुलटी बाजू कळावी आणि फर्स्ट क्लास कुठलं, सेकंड क्लास कुठलं तेही कळावं म्हणून तिकिटावर फॉस्फरचा जवळजवळ अदृश्य थर देतात. साधारण हिशोब असा की फर्स्ट क्लासला दोन पट्ट्या, सेकंडला एक. मधल्या काळात काही तिकिटांना पट्टीच्या ऐवजी अख्खा कागदच फॉस्फरचा वापरला, तोही एक वेगळा प्रकार मोजतात.

मशीनची गरज नाही. तिकीट चिमट्यात धरा, ट्यूबलाइट किंवा खिडकी समोर ठेवा आणि तिकीट डोळ्यांच्या रेषेत जवळजवळ आडवं करा, म्हणजे कागदावरून उजेड घसरत तुमच्याकडे येईल असं. कागद चमकतो आणि पट्टी असते तिथे ती चमक मरते, उभी मंद पट्टी दिसते. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, कोन थोडाथोडा बदलत राहा, एकदा दिसली की मग दर वेळी दिसते. मिंट म्हणजे न वापरलेल्या तिकिटावर सोपं जातं, वापरलेल्या आणि भिजवलेल्यावर त्रास होतो. पुढे हौस वाढली तर यूव्ही दिवा घ्या पण शॉर्टवेव्हचा घ्या, नोटा तपासायचा स्वस्त लाँगवेव्ह दिवा कागदाची चमक दाखवतो, त्याने फॉस्फर नीट कळत नाही. आणि शॉर्टवेव्ह दिव्याकडे थेट बघायचं नाही, मुलांच्या हातात तर अजिबात द्यायचा नाही.

पट्टी छापायचीच राहून गेलेली तिकिटं पण असतात, ती कलेक्टर चुकीची तिकिटं म्हणून शोधतात. वापरलेल्यावर मात्र विश्वास ठेवू नका, धुण्यात पट्टी खराब झालेली असू शकते.

१९७१ च्या कव्हरांवर संपाचा शिक्का का दिसतो?

१५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने पौंडाचे २४० जुने पेनी सोडून १०० नवे पेनी केले आणि त्याच दिवशी नव्या किमतींची १२ मेचिन तिकिटं आली, अर्ध्या पेनीपासून ९ पेनीपर्यंत. पंचाईत अशी की नेमका तेव्हा टपाल कामगारांचा संप चालू होता, २० जानेवारीला सुरू झाला तो मार्चच्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या दिवसाची कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाच्या शिक्क्याची पाकिटं, टाकायला पोस्टच चालू नव्हतं, त्यामुळे बरीच कव्हरं नंतर गेली आणि त्यांच्यावर टपाल संपामुळे उशीर झाल्याचा शिक्का आहे. असं कव्हर दिसलं तर घ्याच, महाग नसतं, आणि त्या एका पाकिटावर दशमान नाणी, संप आणि मेचिन तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आपल्याकडे नया पैसा १ एप्रिल १९५७ ला आला तेव्हा नकाशाची तिकिटं आली होती, दोन्ही शेजारी लावली तर पान फार छान दिसतं.

काही तिकिटांवर किंमतच नाही, नुसतं फर्स्ट किंवा सेकंड लिहिलंय, ती खरी आहेत का?

खरी आहेत. २२ ऑगस्ट १९८९ पासून अशी तिकिटं सुरू झाली. दर वाढला तरी तिकीट चालतं, किमतीचा आकडा छापलेलाच नाही. पहिलं फर्स्ट क्लास काळपट तपकिरी होतं, सेकंड निळं, १९९० मध्ये फर्स्टचा रंग बदलून केशरी-लाल केला. पुढे सोनेरी आलं, २०१२ ला राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून निळसर आलं, मग लाल. नुसती फर्स्ट क्लासची तिकिटं रंगाप्रमाणे लावली तरी एक सुंदर पान होतं आणि नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं मी नेहमी सांगतो. यात हरवायला होत नाही आणि मिळतातही सहज.

दोन्ही कडांना लंबगोल भोक आहे, फाटलंय का?

नाही हो. १९९३ पासून नकली तिकिटं रोखायला उभ्या कडांच्या दात्यांमध्ये एकेक लंबगोल भोक ठेवायला लागले. तारीख ठरवायला ते फार उपयोगी पडतं, भोक असेल तर तिकीट ९३ च्या आधीचं नाही.

तिकीट हलवलं की पाण्यासारखी अक्षरं चमकतात, ती काय आहेत?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. १७ फेब्रुवारी २००९ ला सिक्युरिटी मेचिन आली. लोक शिक्का न लागलेली तिकिटं पाकिटावरून काढून पुन्हा वापरत होते म्हणून तिकिटातच यूच्या आकाराच्या खाचा पाडल्या, म्हणजे सोलून काढायला गेलं की तिकीट फाटतं. आणि वरून एक चमचमता थर दिला, त्यात रॉयल मेल (ब्रिटनची टपालसेवा) हे शब्द नागमोडी ओळींत पुन्हा पुन्हा छापलेत.

आता नीट बघा, त्या शब्दांत कुठेतरी एक अक्षर मुद्दाम बदललेलं असतं. मेल या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं दुसरं अक्षर ए असायला पाहिजे, तिथे टी असेल तर तिकीट १२ च्या बुकलेटमधलं, एस असेल तर ६ च्या, एफ असेल तर ४ च्या. बी म्हणजे धंदेवाल्यांसाठीचं मोठं शीट, आर म्हणजे रोल, पी म्हणजे प्रेस्टिज बुकलेट, कलेक्टरांसाठीची माहितीसकट पुस्तिका. काहीच बदललं नसेल तर काउंटरवरच्या शीटमधलं. २०१० पासून त्याच ओळींमध्ये वर्षाचे दोन आकडे पण टाकलेत, १४ दिसले तर २०१४. म्हणजे एक साधं वापरलेलं लाल तिकीट हातात घेतलं तर ते कुठल्या वर्षी छापलं आणि कशातून विकलं गेलं हे तुम्ही स्वतः वाचू शकता, कुणाला विचारायला नको.

वाचायची पद्धत अशी, टेबललॅम्प एका बाजूला, तिकीट काळ्या कागदावर ठेवा आणि कागद हळूहळू तिरका करत जा. अक्षरं एका कोनात दिसतात आणि लगेच जातात. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की तरुण डोळे नसलेल्यांनाही वाचता येतं. २०१२ च्या निळसर तिकिटावर या ओळींमध्ये डायमंड ज्युबिली असं लिहिलंय. ९ सप्टेंबर २०१५ ला एलिझाबेथने व्हिक्टोरियापेक्षा जास्त काळ राज्य केलं, त्या दिवशीच्या जांभळट तिकिटावर ब्रिटनच्या राष्ट्रगीतातले लाँग टू रेन ओव्हर अस हे शब्द आहेत. पोस्टातून घेऊन पत्राला चिकटवणाऱ्या किती लोकांनी ते बघितलं असेल, देव जाणे.

पाकिटावरून तिकीट काढायचं कसं?

गोंदाची जुनी तिकिटं कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, आपोआप सुटतात, मग टीपकागदावर उलटी वाळवून जाड पुस्तकात दाबा. लाल किंवा हिरव्या पाकिटाचा तुकडा कधीही बाकीच्यांबरोबर भिजवू नका, रंग सुटतो आणि सगळी घमेल्यातली तिकिटं गुलाबी होतात.

१९९३ पासून सेल्फ अ‍ॅडेसिव्ह आली, ती सुरुवातीची पाण्यात सुटतात, थोडा वेळ जास्त लागतो. खाचा असलेली २००९ नंतरची मात्र पाण्याच्या भानगडीत घालूच नका. त्यातल्या बहुतेकांच्या मागे पाण्यात विरघळणारा थरच नाही, तिकीट फुगतं, खाचांपाशी फाटतं आणि पाठ चिकट राहते ती राहतेच. चारी बाजूंनी थोडं पाकीट ठेवून कात्रीने सरळ कापा आणि तसंच अल्बममध्ये लावा, आता सगळे असंच करतात. शिक्का चांगला, तारखेसकट असेल तर पूर्ण पाकीटच ठेवा.

सिंह किंवा ड्रॅगन असलेली राणीची तिकिटं वेगळी असतात का?

हो, ती त्या त्या प्रदेशाची. ७ जुलै १९७१ पासून स्कॉटलंडचा सिंह, वेल्सचा ड्रॅगन, उत्तर आयर्लंडचा ताऱ्यातला हात आणि आइल ऑफ मॅनचे तीन पाय अशी चिन्हं राणीच्या चेहऱ्याबरोबर आली. आइल ऑफ मॅनने १९७३ मध्ये स्वतःची टपालसेवा सुरू केली त्यामुळे त्यांची थोडीच आहेत. १९९९ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्सला, २००१ मध्ये उत्तर आयर्लंडला या तिकिटांच्या जागी चित्रांची तिकिटं मिळाली. चिन्हं जेफरी मॅथ्यूज यांनी काढली, मेचिनच्या आकड्यांचं आणि रंगांचं बरंच कामही त्यांचंच. रंगांची एकमेकांत गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी रंगांचा तक्ता बसवून दिला होता, आणि मेचिनची पानं डोळ्यांना इतकी छान वाटतात त्याचं अर्धं श्रेय या माणसाला द्यायला पाहिजे, नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

यातलं सगळ्यात सुंदर तिकीट कुठलं?

माझं मत विचाराल तर ९ मार्च १९९९ ला आलेला जास्त किमतीचा सेट, दीड, २, ३ आणि ५ पौंड. हे चेस्लाव्ह स्लानिया यांनी धातूवर कोरून केले, स्लानिया म्हणजे तिकिटांच्या कोरीवकामातलं सगळ्यात मोठं नाव, पोलंडचा माणूस, स्वीडनमध्ये काम केलं. हात धुऊन, कोरडा करून बोटाचं टोक अगदी हलकं फिरवलं तर शाई कागदाच्या वर उभी राहिलेली लागते. भिंगाखाली गालावर नुसत्या रेघा आणि ठिपके, आणि भिंग काढलं की परत राणी. वापरलेल्या स्थितीत परवडतात, एक तरी घ्या.

आजोबांच्या अल्बममध्ये पन्नास-साठ आहेत, विकली तर किती येतील?

खरं सांगायचं तर बहुतेक काही नाही. अब्जांनी छापलेली तिकिटं आहेत, ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था वापरलेली तिकिटं गोळा करून किलोवर विकतात. वरून दुर्मिळ मेचिन म्हणून हजारोंची किंमत लावलेल्या ऑनलाइन जाहिराती दिसतात, त्यातल्या बऱ्याच साध्या तिकिटांच्याच असतात, त्यावरून आपल्या अल्बमचा भाव काढू नका. पैसे येतात ते छपाईच्या चुकांना, म्हणजे फॉस्फर राहिलेला, किंमत छापायची राहिलेली, दाते न पाडलेली, आणि तीही मिंट आणि तपासून घेतलेली असतील तर. पण विकायच्या आधी एकदा बसून सगळी बघा ना, कदाचित विकावीशीच वाटणार नाहीत, आणि आजोबांनी जपली आहेत हा भाव कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतो.

मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत मिंट तिकिटं टिकतात का?

टिकतात पण काळजी घ्यावी लागते आणि हे ब्रिटिश पुस्तकांत कुणी सांगत नाही कारण त्यांना जून ते सप्टेंबर म्हणजे काय ते माहीत नाही. डिंकाची तिकिटं पावसाळ्यात पानाला चिकटतात, दात्यांवर तपकिरी गंजासारखे डाग येतात आणि एकदा आले की शेजारच्या तिकिटांवर पसरतात. अल्बम उभा ठेवा, एकावर एक रचून दाबू नका. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदललं की तापवून पुन्हा वापरा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, ओल तिथेच येते. ऐन पावसात अल्बम उघडून हाताळत बसू नका, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एकदा सगळी पानं सावलीत वारा लागेल अशी उघडून ठेवा. गावातली डांबरगोळीची सवय इथे नको, अल्बमच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर परिणाम होतो. एवढं जमणार नसेल तर सरळ वापरलेलीच तिकिटं गोळा करा, त्यांना गोंदच नसतो त्यामुळे निम्मी चिंता गेली. पुण्या-नाशिकला त्रास कमी, रत्नागिरी-गोव्याला जास्त.

इथे बसून मिळतील कुठे?

ओळखीत कुणी लंडनला, लेस्टरला असेल तर त्यांना फक्त एवढं सांगा की ऑफिसात येणारी पाकिटं फेकू नका, तिकिटाचा कोपरा कापून ठेवा. सुट्टीवर येतील तेव्हा एक पाकीटभर घेऊन येतील, आणि हा साठा विकत घेतलेल्यापेक्षा चांगला कारण त्यात निवडून काढलेलं काही नसतं. बाकी मुंबईला फोर्टच्या भागातले जुनी नाणी-तिकिटं विकणारे, पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि तिकीट प्रदर्शनांतले डीलर. डीलरच्या टेबलावर मेचिन बहुतेक वेळा खालच्या खोक्यात असतात, कुणी विचारत नाही, मुद्दाम मागा. सरमिसळ तिकिटांचा किलोचा पुडा मागवला तर कुणी निवडून न काढलेला आहे का ते आधी विचारून घ्या.

बारकोडवाली तिकिटं मेचिनच का? आणि जुनी आता चालतात का?

हो, मेचिनच. १ फेब्रुवारी २०२२ ला राणीच्या शेजारी चौकोनी ठिपक्यांचा बारकोड आला, प्रत्येक तिकिटाचा कोड वेगळा. फोनवर स्कॅन केला की सुरुवातीला शॉन द शीपचा व्हिडिओ दिसायचा. त्यानंतर बारकोड नसलेली राणीची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर पत्राला चालेनाशी झाली, ती बदलून द्यायची योजना रॉयल मेलने काढली. खास प्रसंगांची चित्रांची तिकिटं मात्र चालतात. त्यामुळे कुणी सवलतीत जुना मिंट साठा विकत असेल तर तो टपालासाठी नाही, गोळा करण्यासाठीच आहे हे लक्षात ठेवा, आणि एका अर्थी आपल्यासाठी हा चांगला काळ आहे कारण लोकांनी ड्रॉवर रिकामे केलेत.

गोळा करताना बारकोड कापायचा नाही. तो तिकिटाचाच भाग आहे, मधली लाटांची रेघ फाडायची रेघ वाटते, तरी तिला हात लावू नका.

आपल्या भारताची अशी एखादी मालिका नाही का?

अगदी अशी नाही, कारण आपण चित्र बदलत राहतो. १५ ऑगस्ट १९४९ ची पहिली मालिका अजिंठा, सांची, गोल घुमट, ताजमहाल अशी पुराणवस्तूंची, मग नकाशा, शेती, विज्ञान, निसर्ग, आणि २००८ पासून व्यक्ती, त्यात बाबासाहेब आंबेडकर, होमी भाभा, सत्यजित राय, पुढच्या मालिकेत शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक आणि भीमसेन जोशीसुद्धा. पण मेचिनवर डोळा तयार झाला की हीच नाशिकरोडच्या प्रेसची साधी ५ रुपयांची तिकिटं वेगळी दिसायला लागतात, कागदाचा पोत, रंगाची छटा, दाते, सगळं. आपल्या या रोजच्या तिकिटांवर बारकाईने काम करणारे फार थोडे आहेत, सगळे मिनिएचर शीटच्या, म्हणजे सजवलेल्या छोट्या पत्रकांच्या मागे, आणि मला हे मनापासून खटकतं. कुणीतरी मराठीत बसून नोंदी करायला पाहिजेत.

अल्बम कसा लावू? कॅटलॉग घ्यावाच लागतो का?

पहिलं वर्षभर नको. स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग, म्हणजे तिकिटांची क्रमांक आणि भाव देणारी यादी, चांगला आहे पण मेचिनचे आकडे बघून नवीन माणूस घाबरतो. साध्या काळ्या स्टॉकबुकमध्ये (तिकिटं पट्ट्यांत खोचायची वही) आधी तीन ढीग करा, शिलिंग-पेनीची जुनी, दशमान किमतीची, आणि फर्स्ट-सेकंडवाली. मग प्रत्येक ढिगात लंबगोल भोक आहे-नाही, खाचा आहेत-नाहीत. एवढ्यावरच साधारण काळ लागतो. छटा सगळ्यात शेवटी बघा, कारण उन्हाने उडालेला रंग आणि वेगळ्या शाईचा रंग यातला फरक अनुभवानेच कळतो. जागा रिकाम्या ठेवत जा, मेचिनमध्ये मधेच काहीतरी घुसतंच. आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहा, काय म्हणून वेगळं ठेवलंय ते, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

मेचिन संपली का? चार्ल्सची तिकिटं घ्यायची का?

राणी ८ सप्टेंबर २०२२ ला गेली आणि ४ एप्रिल २०२३ ला राजा चार्ल्सची तिकिटं आली, मार्टिन जेनिंग्स यांनी नाण्यासाठी केलेल्या शिल्पावरून. डोक्यावर मुकुट नाही, बारकोड पहिल्यापासून आहे. तरी उरलेला राणीचा साठा विकून संपेपर्यंत वापरत राहायचं ठरलं, त्यामुळे दोघांची तिकिटं एकाच पाकिटावर लागलेली पत्रं मिळतात, अशी पाकिटं आत्ताच बाजूला काढून ठेवा, दोघांवर एकच शिक्का बसलेलं असेल तर जास्तच चांगलं. चार्ल्सची मालिका मात्र अजून लहान आहे, पहिल्या दिवसापासून सगळी ठेवता येण्यासारखी, शाळेतल्या मुलाला सुरुवात करून द्यायची असेल तर तिथूनच करून द्या आणि राणीछाप तुम्ही घ्या.